तांबडा पंप
चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांत हातपंप आले ते विहिरीच्या गढूळ पाण्यातील रोगजंतूंपासून सुटका म्हणून. हेतू निर्मळ, पाणीही नितळ. परंतु खोल खडकात दीर्घकाळ मुरलेल्या, चुन्याचा अंश कमी असलेल्या पाण्यात फ्लोराइड विरघळत राहते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांचे दात डागाळतात. प्रमाण फार वाढले तर सांधे ताठरतात. उकळून ते जात नाही, उलट दाट होते. (आईची सारी दक्षता येथे व्यर्थ!)

खडकाला पाप लागत नाही. पंप बसविणाऱ्यालाही अजाणतेपणाचा दोष देववत नाही. पण तपासणी होऊन पंपाला तांबडा रंग लागला, की अजाण कोणीच उरत नाही. रंग लावणाऱ्याचे कर्तव्य तेथे संपते, हे मला पटत नाही. दुसरे पाणी दूर असले तर हंडा घेऊन आलेली बाई तो रंग ओळखते, आणि तरीही दांडा हलवते.