गाडीची उत्तरपूजा

खंडेनवमीला पलूसमध्ये सकाळपासून दारोदारी पाण्याचे पाइप सुरू असतात. ट्रॅक्टर, ट्रॉली, दुचाकी, अंगणातली चारचाकी, सगळं धुऊन निघतं. बॉनेटवर हळद-कुंकवाची बोटं उमटतात, झेंडूचा हार चढतो, नारळ फुटतो. सतरा-अठरा वर्षं वापरलेली, पत्रा सडलेली गाडीही या पूजेतून सुटत नाही. तिच्यासमोर हात जोडतानाच घरातल्या कर्त्या माणसाच्या मनात येतं, हिच्यावर आणखी तीस-चाळीस हजार घालायचे, की हिला मोडीत काढायची?

हिशेब अवघड नाही. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं. १ एप्रिल २०२२पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. मान्यताप्राप्त केंद्रात गाडी मोडीत दिली तर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. कागद-पेन्सिल घेतली तर दहा मिनिटांचं काम. तरी माणूस वर्ष-वर्ष अडून राहतो. जिला दर दसऱ्याला कुंकू लावलं, जिच्यातून बाळंतीण घरी आली, तिला भंगारवाल्याच्या हाती कसं द्यायचं, हे त्या कागदावर मांडता येत नाही. हा धर्माचा प्रश्न आहे आणि तो तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवा.

आपल्या परंपरेत जीर्ण वस्तूसाठी दोन वाटा आहेत. देऊळ जुनं झालं तर त्याचा जीर्णोद्धार करतात. दगड बदलतात, शिखर नवं चढतं, देवस्थान तेच राहतं आणि करणाऱ्याला पुण्य लागतं. मूर्ती भंगली तर मात्र सहसा तिची पूजा थांबते आणि तिचं विसर्जन होतं. गणपतीच्या मातीच्या मूर्तीचं तर लहान पोरालाही ठाऊक आहे. उत्तरपूजा झाली, मूर्ती जागेवरून हलवली, की देवत्व निघालं. उरली ती माती.

मग मोटार कशात धरायची, देवळात की मूर्तीत?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात असाच पेच आहे. रथात बसून आलेल्या मिलिंद राजाला भिक्खू नागसेन विचारतो, महाराज, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ? चाकं म्हणजे रथ? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी ‘रथ’ हे सगळ्या भागांच्या मेळाला दिलेलं नाव ठरतं. आरटीओचं उत्तर थोडं वेगळं आहे. इंजिन बदललं तर आरसी बुकात नोंद होते आणि गाडी तीच राहते, पण तिची ओळख चासी नंबरावर टिकून असते. म्हणजे टायर, क्लचप्लेट, सायलेन्सर, प्रसंगी इंजिनसुद्धा बदलणं हा जीर्णोद्धार. सांगाडाच गेला तर मूर्ती भंगली.

हे गॅरेजमध्ये डोळ्यांनी दिसतं. गाडी जॅकवर चढते, मिस्त्री खाली सरकतो आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने चासीची पट्टी ठोकत जातो. टणटण आवाज येतो तोवर ठीक. एका जागी आवाज बद्द होतो, टोक आत रुततं, हातावर तांबूस भुगा पडतो. वरून लांबी भरून रंग मारला तर गाडी नव्यासारखी दिसेल, पण वळणावर ती आतल्या माणसांना सांभाळणार नाही. इथे माया आवरावीच लागते. आपल्या गाडीवरच्या प्रेमाची किंमत समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याने का मोजावी?

ऑगस्ट २०१९च्या महापुराने हा प्रश्न कृष्णाकाठच्या दारात आणून ठेवला. भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ भागात पाणी घराघरांत शिरलं. औदुंबरच्या दत्तमंदिरातही कृष्णा येते, ओसरते, गाळ धुऊन काढला की पूजा पूर्ववत होते. गाडीचं तसं होत नाही. पाणी सीटच्या वर गेलं की वायरिंग आणि त्यातले इलेक्ट्रॉनिक भाग जातात आणि त्याच अवस्थेत कुणी स्टार्टर मारला तर इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर विम्याच्या भाषेत गाडी संपली. अशी गाडी धुऊन-पुसून, अत्तर मारून, पूर न पाहिलेल्या गावच्या माणसाला विकणं हे पाप आहे. त्याला दुसरा शब्द नाही.

भंगार म्हणजे शेवटच, असंही नाही. पलूसला लागून असलेल्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. घरातली पहिली लक्ष्मी द्यायची कशी, म्हणून त्या घराचं मन आधी तयार होईना. जानेवारी २०२२मध्ये बोलेरो दारात आली आणि ती जीप महिंद्रा कंपनीकडे जतन करण्यासाठी गेली. सोडून देणं म्हणजे अपमान करणं नव्हे, हे त्या घराने करून दाखवलं.

खरा अपमान वेगळाच असतो, तो गावोगाव दिसतो. दुरुस्तही करायची नाही, मोडीतही द्यायची नाही. गोठ्यामागे चारी टायर बसलेली गाडी, सीटवर कोंबडी, खिडकीतून वर आलेलं घाणेरीचं झुडूप. त्यापेक्षा सांगाडा शाबूत असेल तर खर्च करावा आणि गाडी रस्त्यावर आणावी. नसेल तर एक दिवस ठरवावा. गाडी धुवावी, हार घालावा, डॅशबोर्डवरचा गणपती काढून घरात न्यावा आणि तिला मान्यताप्राप्त केंद्रात पोचवावं. आरसी बुक देऊन नोंदणी रद्द करून घ्यायला मात्र विसरू नये, नाहीतर तिचा चासी नंबर उद्या एखाद्या चोरीच्या गाडीवर ठोकला जाईल.