फोनवरचा पहिला उपचार

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये आली, ११२ हा एकच क्रमांक २०२१ मध्ये. या सेवांचा हिशेब आपण गाड्यांत मांडतो: किती रुग्णवाहिका, किती मिनिटांत पोचल्या. पण हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब दिला नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांत गाडी दारात येणे शहरातही कठीण, पाड्यावर तर विचारूच नका. तोवर रुग्णाला मिळणारा उपचार बहुधा फोन उचलणारा सांगेल तेवढाच. त्याला कारकून समजून ही यंत्रणा सुधारणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

बेशुद्ध माणसाबद्दल घरचे सांगतात, “श्वास चालू आहे.” पुष्कळदा ते हृदय थांबल्यानंतरचे आचके असतात. ते ओळखायचे तर नेमके विचारावे लागते: छाती नीट वरखाली होतेय का? दोन श्वासांत किती वेळ जातोय? मग रडणाऱ्या बाईला “ताई, फोन स्पीकरवर टाका, त्यांना जमिनीवर सपाट झोपवा, मी मोजतो तसं छातीच्या मधोमध जोरात दाबा,” असे सांगत मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाबांची लय टिकवायची. प्रश्नावली समोर असली की हे कोणीही करील, असे म्हणतात. प्रश्नावली हवीच, पण नंदुरबारकडचा माणूस भिलीत बोलतो, पत्ता म्हणून “मारुतीच्या देवळामागं” एवढेच सांगतो, आणि टॉवरवरून कळणारे ठिकाण गावाकडे काही किलोमीटरचा टापू असतो. तिथे प्रश्नावली संपते. खोडसाळ आणि चुकून लागलेल्या फोनांसाठी अनुभवी माणसे कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण गप्प फोनमागे मूल खेळतेय, की नवऱ्यासमोर बोलता न येणारी बाई आहे, हे मुरलेला कानच ओळखतो.

अमेरिकेत एप्रिलमधला दुसरा आठवडा या कर्मचाऱ्यांच्या गौरवाचा. तरीही २०१८ च्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणात ते कार्यालयीन कामगारांतच राहिले. शाल-श्रीफळावर भागवले तर आपलेही तेच होईल. गौरव कंत्राटात लिहावा: टिकून राहावेसे वाटेल असा पगार, नियमित उजळणी, जिवावरच्या फोननंतर खुर्चीवरून उठण्याची मुभा. आणि रुग्णालयाने त्या रुग्णाचे पुढे काय झाले ते फोन घेणाऱ्याला कळवावे. नाहीतर आपला कोणता प्रश्न कामी आला आणि कोणत्या प्रश्नात वेळ गेला, हे त्याला कळणार कसे?