मगर, घोरपड आणि दीड गाय

'तान्हाजी' 10 जानेवारी 2020 रोजी पडद्यावर आला, त्यात सैफ अली खानचा उदेभान, म्हणजे सिंहगडाचा मोगली किल्लेदार, चक्क भाजलेली मगर खातो. प्रसंग पाहून अनेकांनी कपाळावर हात मारला. इतिहासात मगर कुठून आली? दिग्दर्शक ओम राऊत आणि मंडळींनी तिखट-मीठ जरा जास्तच लावलं, असा एकूण सूर.

मगर त्यांचीच, हे खरं. पण खादाड उदेभान त्यांचा नाही. तो तुळशीदास शाहिराचा.

शिवकाळातला मानला जाणारा तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली छापलेल्या संग्रहात वाचायला मिळतो. त्यातला उदेभान एका वेळेला दीड गाय फस्त करतो, वर मणाच्या मापाने भात. त्याला अठरा बायका, बारा मुलगे आणि चंद्रावळी नावाचा हत्ती. मुळातला उदेभान राठोड रजपूत. शाहिराने त्याला बिनदिक्कत मोगल करून त्याच्या ताटात गाय वाढली! रात्रभर डफावर पोवाडा ऐकणाऱ्या गावकऱ्यांना खलनायक कसा हवा, हे तुळशीदासाला पक्कं ठाऊक होतं. त्या दीड गाईपुढे एक मगर म्हणजे तोंडी लावणंच.

तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात. समाधीही तिथेच. शाहीर या गावाला ऐसपैस जागा देतो. घरात मुलाच्या, रायबाच्या लग्नाची गडबड, त्यात सिंहगड घेण्याचा शिवाजीराजांचा सांगावा, मग बारा हजार माणसांनिशी कूच आणि सोबत ऐंशी वर्षांचे शेलारमामा. सभासदाच्या बखरीत मावळे पाचशेच आहेत. दोर बांधून कड्यावर सोडलेली घोरपड तर नाहीच. मावळे वानरासारखे कडा चढून जातात. पोवाड्यातली घोरपड मात्र अर्ध्यातून माघारी फिरते, तेव्हा तानाजी तिला कापून भाकरीशी खाण्याची धमकी देतो. वीरश्रीच्या ऐन भरात असा खास मावळी विनोद करायला शाहीर कचरत नाही. हिंदी सिनेमाला एवढी मोकळीक घ्यायचं धाडस झालं नसतं. तिथे नायक हसवू लागला की पार्श्वसंगीताची पंचाईत होते.

सिनेमातली दुसरी उसनवारी हरी नारायण आपट्यांकडची. नेहा शर्माने केलेली कमलदेवी, म्हणजे सती जायला निघालेली आणि उदेभानाने पळवून आणलेली रजपूत विधवा, आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीतल्या कमलकुमारीची वारसदार. शंभरेक वर्षांपूर्वीच्या मराठी वाचकाला गडाच्या लढाईत एक करुण नायिका हवी होती, आपट्यांनी ती दिली. याच कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 1923 साली मूकपट काढला. त्यात शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. पुढे 1933 साली त्यांनीच 'प्रभात'साठी 'सिंहगड' बोलता केला. मग 2023 मध्ये दिग्पाल लांजेकरांचा 'सुभेदार' आला.

म्हणजे ज्याला आपण बॉलिवूडचा आगाऊपणा म्हणून नाकं मुरडतो, त्यातला बराचसा ऐवज घरचाच निघतो. तरी शाहीर आणि सिनेमा यांना एका मापाने मोजता येत नाही. दीड गाय ऐकणाऱ्याला ही शाहिरी वाढवाचढव आहे, हे कळत असणार. गंमत त्यातच होती. सिनेमाचा कडा, मशाली, रक्त सारं संगणकाने इतकं हुबेहूब उभं केलेलं, की डोळा हिशेब मागायचा विसरतो. शिवाय त्याचे तुकडे मोबाइलवर सुटे फिरतात, पुढचं-मागचं काहीच नसताना.

गडावर पडलेल्या तानाजींचा देह ज्या वाटेने कोकणात उतरवला असं सांगतात, तो मढे घाट महाड तालुक्यात उतरतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या धबधब्यापाशी रील काढणाऱ्यांची झुंबड असते. तिथे 'तान्हाजी'तली 'माय भवानी' वाजवायची असेल तर खुशाल वाजवावी. अजय-अतुलचं गाणं ठेक्याला चोख आहे.

प्रश्न राहतो तो 'नागीण' तोफेचा. सिनेमातल्या या अजस्र तोफेला ना पोवाड्याचा आधार, ना बखरीचा, ना आपट्यांचा. तरी पुढच्या एखाद्या दिग्दर्शकाने ती उचलली, की तिचीही गणना परंपरेत होईल आणि सिंहगडावर सहलीला आलेली पोरं ती कुठे ठेवलीय म्हणून गुरुजींना भंडावून सोडतील.