नवा नियम आणि जुने हात

इस्पितळात नवा नियम आला म्हणजे जुन्या परिचारिका कुरकुर करितात, ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते. कागदावरची नोंद आता संगणकावर करावयाची असते. वीस वर्षे ज्या रीतीने जखम बांधली, ती रीत टाकावयाची असते. अशा वेळी त्या बाईस हट्टी म्हणणे सोपे आहे. परंतु वाचकहो, येथे खरा प्रश्न कर्तव्याचा आहे. जिच्या हाती रोग्याचा जीव आहे, तिने नवी रीत केव्हा पत्करावी? आज्ञा होताच, की मनाची खात्री पटल्यावर?

ह्या बाबतीत व्हिएन्ना शहरातील हकीकत ध्यानात घेण्यासारखी आहे. १८४७ साली तेथील मोठ्या सार्वजनिक इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया पुष्कळ अधिक असत. इग्नाझ सेमेलवाइस नामक डॉक्टराने ताडले की, प्रेतांची चिरफाड करून आलेले हातच हा रोग नेत आहेत. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलात त्या विभागातील शेकडा १८ बाळंतिणी दगावल्या होत्या; जुलैत हे प्रमाण शेकडा एकाच्या थोडेसेच वर राहिले.

इतके असूनही पुष्कळ नामांकित डॉक्टरांनी ती रीत पत्करली नाही. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा झालेले नव्हते, म्हणून सेमेलवाइसला आपल्या म्हणण्याची नीट उपपत्ती देता आली नाही. पुढे तर तो विरोधकांस कठोर शब्दांनी दुखवू लागला. परंतु आणखी एक कारण मनात खोल असावे. हात धुण्यास कबूल होणे म्हणजे आजवर आपल्याच हातांनी मरण नेले, हे कबूल करणे होय. नवी कला शिकण्यापेक्षा आपल्या जुन्या कामाकडे पुन्हा पाहणे माणसास अधिक जड जाते.

ह्यावरून एक गोष्ट ठरते. “माझी पुरती खात्री होईपर्यंत मी थांबेन,” असे म्हणण्याचा अधिकार कोणाही सेवकास नाही. कारण तितका वेळ रोग्यापाशी नसतो. फळ डोळ्यांपुढे असेल, तर तेवढी साक्ष पुरे मानावी.

मग नुसती आज्ञा पाळली म्हणजे झाले काय? तसेही नाही. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची एक यादी काढली. भूल देण्यापूर्वी, चिरण्यापूर्वी व रोग्यास बाहेर नेण्यापूर्वी ती मोठ्याने विचारावयाची. गॉजचे तुकडे, सुया व हत्यारे मोजून परिचारिकेने सांगावयाचे. दिल्लीसह आठ शहरांतील आठ इस्पितळांत तिचा प्रयोग केला असता मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ती यादी सर्वत्र लागू झाली. तेथील १०१ इस्पितळांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. यादी पाळल्याचे जवळजवळ सर्वांनी कळविले होते; तरी मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. ह्याच्या कारणांविषयी मतभेद आहेत. तथापि कागदावर खूण करणे निराळे व ती गोष्ट खरोखर करणे निराळे, असे कित्येक जाणत्यांनी म्हटले.

ते विचार करण्यासारखे आहे. मोजणीत एक तुकडा कमी भरला, तर मोठ्या सर्जनास “थांबा, साहेब” असे म्हणण्याचे धैर्य परिचारिकेस कोठून येणार? केवळ हुकुमाने ते येत नाही. नियम कशासाठी आहे हे जिला उमगले, तीच तेथे बोलते. म्हणून बदल करविणाऱ्यांवरही कर्तव्य येते. त्यांनी कारण सांगावे, शिकण्यास वेळ द्यावा आणि जुन्या परिचारिकेचे म्हणणे ऐकावे. रात्रपाळीस अनेक खाटा एकटीने सांभाळताना नवा नियम कोठे मोडतो, हे तिच्याइतके कोणास ठाऊक असणार?

तेव्हा उत्तर असे दिसते: हातांनी आजच पाळावे, तोंडाने निर्भयपणे विचारावे. जुनी रीत सोडिल्याने जुनी सेवा खोटी ठरत नाही. काल जे ठाऊक नव्हते, त्याचे दुःख होईल; त्याचा दोष लागत नाही. आज जे कळले ते न करण्याचा दोष मात्र लागतो.