व्यंगाचा दोष कोणाचा?

मूल चेहऱ्यांत वा डोळ्यांत कांहीं वैगुण्य घेऊन जन्मास आलें, कीं आमच्या सुशिक्षित घरांतूनही पहिला प्रश्न वैद्याला नव्हे, तर आईला विचारला जातो : ग्रहण लागलें असतां तूं भाजी चिरलीस काय? ग्रहणाचें नांव घेण्याची लाज वाटणारी मंडळी ‘तिच्या माहेरच्या रक्तांतच कांहीं असेल’ असें म्हणून तोच प्रश्न अद्ययावत् वेषांत पुढें करतात. कारण सांपडलें म्हणजे अपराधी सांपडला, अशी जी आपली समजूत, तिचाच येथें विचार करावयाचा आहे.

कारणांविषयीं शास्त्रानें जें शोधून काढलें आहे तें खरोखर अद्भुत आहे. १९१५ सालीं मिल्ड्रेड होग या विदुषीनें फळांवरील माश्यांत नेत्रहीनतेचा एक आनुवंशिक प्रकार वर्णिला. जवळजवळ ऐंशी वर्षांनीं, १९९४ सालीं, बाझल येथील वॉल्टर गेरिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें, कीं ज्या जनुकांतील बिघाडानें हें घडतें त्याचा जोडीदार उंदरांत व मनुष्यांतही आहे. मनुष्यांत त्याची एक प्रत बिघडली म्हणजे बाहुलीभोंवतीचा रंगीत पडदा नीट बनत नाहीं. पुढच्याच वर्षीं त्यांनीं तें जनुक माशीच्या भलत्याच अवयवांत जागें केलें, तों तिच्या पायांवर, पंखांवर डोळे उमटले! उंदराचें जनुक घातलें तरीही उमटले. मात्र ते माशीचेच, शेंकडों पैलूंचे. या जनुकास ‘सूत्रधार’ म्हणण्याची रीत पडली आहे. मला ती रुचत नाहीं. सूत्रधारास नाटक ठाऊक असतें. उंदराच्या जनुकास माशीचा डोळा काय ठाऊक? तें केवळ इशारा देतें. घडविण्याचें काम माशीचा देह करतो. असा इशारा चुकला, तर त्यांत हेतु नाहीं, हयगयही नाहीं. मग अपराध कोठून येणार?

मनुष्याच्या गर्भांत डोळ्यांच्या पहिल्या खांचा चौथ्या आठवड्यांतच पडतात. त्या वेळीं पुष्कळ स्त्रियांस आपण गर्भवती आहों हेंही ठाऊक नसतें. वरील विकाराच्या सुमारें एकतृतीयांश रोग्यांत आईबाप दोघांचेही डोळे निर्दोष असतात. बिघाड त्या मुलापासूनच सुरू होतो. उरलेल्यांत तो पित्याकडून येण्याचा संभव मातेइतकाच असतो. पण ‘बापाच्या रक्तांत’ हे शब्द कोठें फारसे ऐकूं येत नाहींत.

तर मग कोणीच कशाला जबाबदार नाहीं, असें ठरतें काय? तसेंही नाहीं. १९४१ सालीं सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनीं ध्यानांत आणून दिलें, कीं गर्भारपणाच्या आरंभीं आईस जर्मन गोवर झाल्यास मुलाच्या डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदु येऊं शकतो. तेव्हां उपाय हातीं नव्हता, म्हणून कोणास बोल लावतां येत नव्हता. पुढें लस निघाली. भारतानें २०१७ सालापासून ती सार्वत्रिक लसीकरणांत घेण्यास आरंभ केला. जाणणें व करणें हीं दोन्हीं शक्य होतांच जबाबदारी उत्पन्न झाली. ती आजारी पडलेल्या स्त्रीची मात्र नव्हे; ज्यांच्या हातीं लस असून ज्यांनीं ती मुलींपर्यंत पोंचविली नाहीं, त्यांची. ग्रहणाची चौकशी करणाऱ्या घरांत मुलीस ही लस टोंचली आहे कीं नाहीं, याची चौकशी क्वचितच होते.