कोशाचं दार

मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात कोशाचे, म्हणजे तसर रेशमाचे, माग चालतात. तिथल्या एका घरात दोन भाऊ एकाच छपराखाली राहत, पण चुली दोन. वाद धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा. बांधीमधला सामाईक धुरा थोरल्यानं कोरला, असं धाकट्याचं म्हणणं. मोजणी झाली, पंच बसले, तंटामुक्ती समितीत चहापाणीही झालं. अबोला होता तसाच.

थोरल्याची मुलगी भंडाऱ्याला बी.एस्सी. करत होती. मृगाचा पाऊस पडून गेलेला, आजीजवळ बसून ती कोसे निवडत होती. कोसे आणल्यावर आतला जीव उन्हानं नाहीतर वाफेनं मारतात; त्यातून एक वाचलेला निघाला. दिवेलागणीला त्याचं देठाकडचं टोक ओलं दिसू लागलं. पोरीनं ब्लेड घेतलं.

"राहू दे वं," आजी म्हणाली. "त्याले लोखंड लागत नाही."

कोश कापून पाखराला मदत करणाऱ्या माणसाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. धडपड केली तरच पंखांत बळ येतं, असा तिचा सांगावा. मला ती कधी पटली नाही. तसरचा कोसा अंगठ्यानं दाबून दबत नाही. मऊ अंगाच्या पतंगानं नुसती धडपड करायची म्हटली, तर तो आतच मरेल.

कोशात दोन प्रथिनं असतात. धागा फायब्रोइनचा, आणि धाग्याला धागा चिकटवणारं ते सेरिसिन. हे सेरिसिन सुटावं म्हणून आजी सोडा टाकून कोसे उकळायची, तास तास जाळ घालायची. पतंगाकडे ना चूल, ना सोडा. पतंग झाल्यावर हा काही खात नाही. पण इतर पतंगांत मुखाच्या ज्या भागांची मध चोखायची सोंड होते, त्याच भागांतल्या पेशी याच्याकडे कोकूनेज नावाचं विकर बनवतात. पेशीत असताना ते निष्क्रिय असतं, नाहीतर बनवणाऱ्या पेशीलाच पचवायचं. बाहेर आल्यावर ते जागं होतं आणि सुकून थर धरतं. निघायची वेळ झाली की दुसऱ्या ग्रंथीतून पाण्यासारखा द्रव येतो, थर विरघळतो आणि थेंब कोशाच्या टोकाला लागतो. तसरच्याच कुळातल्या पतंगांवर काम करून फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी 1964 साली हे उलगडून दाखवलं.

आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिनचं हे भावंड. प्रथिनाच्या साखळीत वीस प्रकारची अमिनो आम्लं असतात. हे विकर लायसिन आणि आर्जिनिन या दोघांपाशीच बंध तोडतं, कारण त्याच्या अंगावरच्या खाचेत तेवढीच दोन नीट बसतात. सेरिसिन सुटतं, फायब्रोइन शाबूत राहतं. जे काम आजीला उकळत्या पाण्यात करावं लागतं, ते इथं पावसाळी हवेच्या गारव्यात होतं. शिवाय विकर त्यात खर्ची पडत नाही. एक बंध सोडवला की तोच रेणू पुढच्या बंधाला भिडतो.

रात्री पतंग धागे बाजूला सारत बाहेर आला. पोरीनं कोसा दिव्यासमोर धरला. भोक होतं, पण त्याच्या कडेनं तंतू नुसते विस्कटलेले, कापलेला एकही दिसेना. आजीनं तो कातायच्या टोपलीत टाकला. भोकाच्या कोशाचंही सूत निघतं.

सकाळी पोरगी काकूकडे गेली.

"काकू, धुरा कितीक गेला?"

"असंल हातभर."

"हातभर जागेत धान किती होते?"

"धानाचं कोन म्हनते?" काकू सूप आपटत म्हणाली. "तुह्या आजोबाच्या तेरवीत सगळ्या सुना वाढत होत्या. मलेच कोनी हाक मारली नाही. मी काय पावनी होती?"

मोजणीच्या नकाशात ही गोष्ट कुठून येणार? पोरीनं ती बापाला सांगितली. बाप बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"मंग धुरा सोडून देऊ म्हनतेस?"

"धुऱ्याचं नावच काढू नका, बाबा."

आजोबांचं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. थोरला धाकट्याच्या दारी गेला, अंगणातच थांबला आणि खाली मान घालून म्हणाला, "सूनबाई, पंगतीत भात तुमीच वाढायचा. मागच्या येळी चुकलंच आमचं." आतून उत्तर आलं नाही. पण श्राद्धाच्या दिवशी काकू पहाटेच चुलीशी हजर.

रोवणीच्या तोंडावर धुऱ्याला माती चढवायला दोघे भाऊ सोबत गेले. थोरल्यानं फावडं मारलं, धाकट्यानं चिखल थापला, आणि धुरा नेमका कुठून जावा यावर दोघे तासभर तावातावानं भांडलेही. भांडून झाल्यावर एकाच शिदोरीतलं जेवले.

पोरगी तोवर मामाच्या गावी पोचली होती. तिथं विहिरीच्या पाण्यावरून दोन घरांत बोलणं बंद होतं.