मधल्या वाटेचा विवेक

एखादी गोष्ट चांगली आहे हे पटल्यावरही माणूस ती स्वीकारण्यास विलंब का लावतो? हा विलंब शहाणपणाचा मानावा की उदासीनतेचा? संकरित, म्हणजे प्रचलित भाषेत 'हायब्रीड' मोटारीच्या निमित्ताने हा जुना प्रश्न आपल्यापुढे नव्याने उभा आहे.

या मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर एकत्र नांदतात. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते व पुन्हा निघताना कामी येते. चार्जिंगसाठी तिला कुठे थांबावे लागत नाही. गाळप हंगामात हातकणंगल्याच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडणाऱ्यास तिचा उपयोग लगेच उमगेल. तिची बचत रखडण्यातच अधिक होते, मोकळ्या महामार्गावर कमी.

तरीही तिचा प्रसार संथच झाला. जपानमध्ये 'प्रियस' १९९७ साली आली. आपल्याकडे 'सिव्हिक हायब्रीड' २००८ साली आली, तीही वीस लाखांहून अधिक किमतीला. मध्यमवर्गाच्या विचारकक्षेत हे तंत्र यायला २०२२ साल उजाडले. २०१७ च्या वस्तू व सेवा करात हायब्रीडवर उपकरासह ४३ टक्के भार होता. विजेच्या गाडीवरील कर मात्र २०१९ मध्ये ५ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतरही मोठ्या हायब्रीडवर ४० टक्के कर आहेच.

अशा स्थितीत, उसाच्या बिलावर वर्षाचा हिशेब मांडणारा शेतकरी थांबला, तर त्याला मागासलेला म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. बॅटरी बिघडल्यास गावचा मिस्त्री ती दुरुस्त करील काय, जुनी गाडी कोण घेईल, हे त्याचे प्रश्न रास्त आहेत. चुकीची किंमत ज्याला घरातून मोजावी लागते, त्याची सावधगिरी हा दोष नव्हे.

परंतु हीच सावधगिरी सर्वांना सारखी शोभत नाही. ज्याला अधिकचे दोन-तीन लाख जड नाहीत, त्याने शेतकऱ्याच्या अडचणी पुढे करून स्वस्ताईची वाट पाहावी, ही पळवाट होय. धुराचा वाटा मात्र गाडी नसलेल्यालाही मिळतो. इचलकरंजीच्या मागावर पाळीसाठी सायकलने निघालेला कामगार मोटारीचे सुख भोगत नाही. तिचा धूर त्याच्या छातीत जातोच. म्हणून नव्या वस्तूचा पहिला, महाग काळ सोसण्याचे कर्तव्य ऐपतदारांचे आहे, असे आम्हांस वाटते. ते पुढे झाले तरच मिस्त्री शिकतील, सुटे भाग मिळू लागतील, आणि मागून येणाऱ्याचा धोका कमी होईल.

येथे एक सावधानतेचा इशाराही हवा. इंधन वाचते म्हणून दुप्पट फिरणाऱ्याने काहीच वाचवले नाही. हायब्रीड मोटार पेट्रोल कमी जाळते, जाळायचे थांबवत नाही. ती घेणाऱ्याने आपले कर्तव्य संपले असे मानू नये. आणि जो आजही एस.टी.ने किंवा मिरज-कोल्हापूर मार्गावरील रेल्वेने प्रवास करतो, त्याने तर ते आधीच पार पाडले आहे, याची जाणीव आपण ठेवावी.